३ नंबरच्या पेटीला नवी राणी: ९ ऑक्टोबर ते २३ नोव्हेंबरच्या नोंदी

जागा महाबळेश्वरच्या पठाराखाली, जावळीच्या बाजूला. मधमाशी सातेरी, म्हणजे आपली देशी पाळीव माशी. पेट्या आयएसआय (भारतीय मानक) 'अ' प्रकारच्या, पिलाव्याची (अंडी-अळ्यांची) कोठी आठ फ्रेमची. एकूण चार पेट्या. १ नंबर जोरात आहे, सात फ्रेम माश्या. २ आणि ४ मध्यम. ३ नंबर पावसाळ्यात खंगली. मार्च-एप्रिलला जांभूळ फुलेपर्यंत ती उभी करायची, एवढंच काम. मेलिफेरा (युरोपियन मधमाशी) पाळणाऱ्यांना पद्धत हीच लागू पडेल, पण त्यांनी दिवसांचे हिशेब आपल्या माशीप्रमाणे बदलावेत.

९ ऑक्टोबर

सकाळी १०, ढगाळ. ३ नंबर उघडली. माश्या जेमतेम तीन फ्रेमवर, बाकी पाच पोळी उघडी. सातव्या फ्रेमच्या कोपऱ्यात मेणकिड्याची (पोळं खाणाऱ्या पतंगाच्या अळीची) जाळी लागायला सुरुवात झाली आहे. दारातून पराग घेऊन येणाऱ्या माश्या पाच मिनिटांत फक्त दोन दिसल्या. त्याच वेळात १ नंबरच्या दारात चाळीसच्या वर मोजल्या. झाकण काढल्यावर माश्या गप्प बसल्या नाहीत, लांबट, कण्हल्यासारखा आवाज बराच वेळ चालू राहिला.

राणी दिसली नाही. मधल्या पोळ्यात अंडी दिसली, म्हणून 'राणी आहे, अशक्त आहे, पाक द्या' अशी नोंद करून पेटी बंद केली. ही नोंद चुकीची होती आणि तिने चार दिवस खाल्ले.

एक गोष्ट मात्र बरोबर केली. माश्यांनी झाकलेली नसलेली चार पोळी काढून घेतली. त्यांतली मध-पराग असलेली दोन १ नंबरला दिली, जाळी लागलेली वितळवली. आत चारच फ्रेम ठेवून पुढे डमी फळी (रिकामी जागा अडवणारी फळी) लावली. सांभाळता येईल त्याहून जास्त पोळं कमजोर वसाहतीकडे राहिलं की मेणकिडा तिथेच घुसतो.

१३ ऑक्टोबर

लख्ख ऊन. सूर्य पाठीमागे घेतला, फ्रेम तिरपी धरली, भिंग वापरलं. आता खरं काय ते दिसलं. पोळ्याच्या एकेका घरात (कप्प्यात) दोन-दोन, तीन-तीन अंडी आहेत. काही तळाला नसून घराच्या भिंतीला चिकटलेली. परागाने अर्ध्या भरलेल्या दोन घरांतसुद्धा अंडी. पिलावा विस्कळीत, आणि कामकरी माश्यांच्या घरांवर फुगीर टोप्या (मेणाची झाकणं).

राणीचं पोट लांब असतं, ती घराच्या तळाशी, मधोमध, एकच अंडं ठेवते. कामकरी माशीचं पोट तळापर्यंत पोचत नाही, म्हणून तिचं अंडं भिंतीला राहतं. अंडी घालणाऱ्या कामकरी अनेक असतात, म्हणून एका घरात अनेक होतात. ही अंडी फळलेली नसतात, त्यांतून फक्त नर निघतात. राणी म्हातारी होऊन नुसते नरच देऊ लागली तर टोप्या अशाच फुगीर दिसतात, पण तेव्हा अंडं घरात एकेकच असतं. हा फरक पाहिल्याशिवाय राणी आणायला निघू नये. पहिल्या प्रकारात पेटीत राणी नाहीच. दुसऱ्यात जुनी राणी आहे, ती आधी शोधून काढावी लागते.

नरांच्या टोप्यांवर मधोमध टाचणीने टोचल्यासारखं बारीक छिद्र असतं. सातेरीत ते नेहमीच असतं, रोग नव्हे. नव्या मधपाळाने ते पाहून घाबरू नये.

निदान: राणी पावसाळ्याच्या शेवटी गेली, आणि अंडी घालणाऱ्या कामकरी तयार झाल्या. मेलिफेराच्या मानाने सातेरीत हे फार लवकर होतं. म्हणूनच आधीचे चार दिवस महाग पडले.

आजपासून एक दिवसाआड संध्याकाळी २०० मिली साखरपाक, साखर आणि पाणी समान वजनाने. दार दोन सेंटीमीटरपर्यंत बारीक केलं.

१४ ते १६ ऑक्टोबर: पहिला प्रयत्न

शेजारच्या गावातल्या मधपाळांकडून अंडी घालणारी राणी आणली, ५०० रुपये. १४ला संध्याकाळी घेतली, १५ला दिवसभर पाऊस, म्हणून १६ला सकाळी पेटीत ठेवली. पिंजरा डासांच्या प्लॅस्टिक जाळीचा. आत राणीसोबत तिच्या घरच्या सहा कामकरी. तोंडाला पिठीसाखर आणि मध मळून केलेला गोळा. मध आपल्याच १ नंबरचा वापरला. बाहेरच्या, न माहीत असलेल्या मधातून रोग येऊ शकतो. पिंजरा दोन पोळ्यांच्या मध्ये टांगला.

१८ ऑक्टोबर

राणी गेली. पेटी उघडली तेव्हा साखरेचा गोळा पूर्ण खाल्लेला होता, पिंजरा रिकामा, आणि तळपाटावर माश्यांचा सुपारीएवढा घट्ट गोळा. गोळा उचलून पाण्याच्या वाटीत सोडला, माश्या सुटल्या, आत राणी सापडली. मागचा एक पाय ओढत होती, पंख कुरतडलेले. वेगळी ठेवली, दुपारपर्यंत मेली.

चुका मोठ्यापासून लहानाकडे:

अंडी घालणाऱ्या कामकरी पेटीत असताना राणी दिली. त्या वसाहतीच्या लेखी घरात राणी आहेच, नवी आली ती परकी. बाकी सगळं बरोबर केलं असतं तरी ही राणी बहुधा वाचली नसती.

राणी तिच्या घरातून काढल्यावर छत्तीस तास अंडी न घालता बसली. अशी राणी हलकी होते, तिचा वास बदलतो, सोडल्यावर धावत सुटते, आणि धावणाऱ्या राणीच्या मागे माश्या लागतात.

सोबतच्या सहा कामकरी. पेटीतल्या माश्यांचं भांडण आधी त्यांच्याशीच जुंपतं. राणी एकटीच ठेवायला हवी होती. पेटीतल्या माश्या तिला जाळीतून भरवतात.

डासांची जाळी फार बारीक. तिच्यातून भरवणं नीट जमत नाही.

साखरेचा गोळा मऊ होता, वीसेक तासांतच संपला असावा. गोळा इतका घट्ट हवा की बोटाने दाबल्यावर ठसा उमटेल पण बोटाला चिकटणार नाही. तरीही आता गोळ्याच्या भरवशावर राणी सोडायची नाही असं ठरवलं. राणी कधी सुटणार हे साखर ठरवते, आणि साखरेला माश्यांची मनःस्थिती कळत नाही.

१९ ऑक्टोबर: आधी पिलावा

अंडी घालणाऱ्या कामकरींवर एक उपाय सगळीकडे सांगितला जातो: पेटी शंभर पावलं दूर नेऊन माश्या झटकायच्या, म्हणजे अंडी घालणाऱ्या परत येत नाहीत. तो केला नाही. त्या उडू शकतात आणि परत येतात. वर सातेरीला एवढं छेडलं की उरलेल्या माश्याही उठून जातील.

त्याऐवजी १ नंबरमधून उघड्या पिलाव्याची एक फ्रेम दिली. अंडी आणि कोवळ्या अळ्या भरपूर असलेली. अळ्यांच्या वासाने कामकरींची अंडी घालण्याची क्रिया दबते, आणि वसाहतीला खऱ्या राणीची गरज जाणवू लागते.

क्रम असा: १ नंबरची राणी आधी डोळ्यांनी पाहिली, ती दुसऱ्या फ्रेमवर आहे याची खात्री केली. धूर दोनच फुंकर. सातेरीला जास्त धूर दिला की माश्या पोळ्यावरून सैरावैरा धावतात आणि राणी शोधणं अशक्य होतं. निवडलेल्या फ्रेमवरच्या माश्या कुंचल्याने त्याच पेटीत झाडल्या. अळ्या तपासल्या. पाठीवर ताठ पडलेल्या, टोक वर उचललेल्या, कातडीखाली पाणी साचून पिशवीसारख्या झालेल्या अळ्या दिसल्या तर तो थाई सॅकब्रूड हा अळ्यांचा रोग, ती फ्रेम कुठेही द्यायची नाही. एकही नव्हती. फ्रेम ओल्या फडक्यात गुंडाळून दोन मिनिटांत ३ नंबरच्या मधोमध बसवली.

३ नंबरमधला नरांचा पिलावा पटाशीने कापून काढला. हातात माश्या थोड्या, त्यांचं बळ नर वाढवण्यात जाऊ नये.

दुपारी पाक देताना वाटी कलंडली, पाक तळपाटावरून बाहेर ओघळला. पंधरा मिनिटांत २ नंबरच्या माश्या लुटायला आल्या. दारावर ओलं गवत टाकून, तळ पुसून घेऊन तासाभरात थांबवलं. पाक संध्याकाळी, माश्या परतल्यावरच.

२३ ऑक्टोबर

दिलेल्या फ्रेमवर पाच राणीघरं (नवी राणी वाढवायची घरं) सुरू झाली आहेत, तीन पोळ्याच्या कडेला, दोन पोटात. दोन आठवड्यांत याहून चांगली बातमी नव्हती. माश्यांना राणी हवी आहे. नवी अंडी फार तुरळक.

इथे विचार करावा लागला की त्यांनाच राणी वाढवू द्यावी का. हिशेब मांडला. सातेरीची राणी अंड्यापासून पंधरा-सोळा दिवसांत बाहेर येते. निवडलेली अळी १९ तारखेला अंड्यापासून चार दिवसांची धरली तर राणी ३०-३१ ऑक्टोबरला निघेल. मीलनाचं उड्डाण, मग अंडी सुरू व्हायला ९-१० नोव्हेंबर. कामकरी बाहेर यायला आणखी एकोणीस-वीस दिवस, म्हणजे नोव्हेंबरची अखेर. शिवाय उड्डाणात वेडा राघू किंवा कोतवाल पक्ष्याने टिपली तर पुन्हा शून्य. पेटी चांगली भरलेली असती तर हा धोका पत्करला असता. इथे जुन्या माश्या रोज कमी होत आहेत. अंडी घालणारी राणी दिली तर आठ-दहा दिवस वाचतात.

राणीघरं आजच मोडली नाहीत. पोळ्यात कोवळ्या अळ्या अजून आहेत, मोडली तर उद्या नवी बांधतील. २७ पर्यंत या फ्रेमवरच्या सगळ्या अळ्या राणी करण्याच्या वयापलीकडे जातील. तेव्हा मोडली की माश्यांकडे स्वतःचा पर्याय उरणार नाही.

२६ ऑक्टोबर: पिंजरा

या वेळी पोळ्यात खोचायचा पिंजरा. इंचाला आठ भोकांची तारेची जाळी, १२० रुपयांची, तिच्यात चार पिंजरे होतात. १३ बाय १० सेंटीमीटरचा तुकडा कापायचा, चारही कोपऱ्यांतून दीड सेंटीमीटरचे चौकोन कापायचे, बाजू खाली दुमडायच्या. १० बाय ७ ची, दीड सेंटीमीटर उंचीची टोपी तयार होते. खालच्या काठाच्या आडव्या दोन तारा ओढून काढायच्या, म्हणजे उभ्या तारांचे दात मोकळे राहतात आणि पोळ्यात नीट घुसतात. वरच्या बाजूला तारेचं टोक राहिलं असेल तर वळवून टाकावं. राणीचा पाय अडकतो.

२७ ऑक्टोबर: दुसरा प्रयत्न

सकाळी ३ नंबरमधली पाच राणीघरं मोडली. १ नंबरमधून दुसरी फ्रेम आणली, पण वेगळी: झाकलेला पिलावा, मधोमध माश्या नुकत्याच बाहेर पडू लागलेल्या, अंडी किंवा कोवळ्या अळ्या नसलेली. असल्या तर पुन्हा राणीघरं बांधली जातात.

दुसरी राणी त्याच मधपाळांकडून, पुन्हा ५०० रुपये. तिच्या पेटीतून सकाळी ११ला काढली, दीडला आमच्या पोळ्यावर. अडीच तास.

राणीला पंखांनी धरायचं, पोटाला हात लावायचा नाही. हे काम एकाच खिडकीच्या खोलीत, खिडकी बंद ठेवून केलं. हातातून सुटली तर काचेवर जाऊन बसते आणि परत घेता येते. उघड्यावर सुटली तर गेली.

पिंजऱ्याखाली तीन गोष्टी आल्या पाहिजेत: बाहेर पडणाऱ्या माश्यांचा पट्टा, उघड्या मधाची दहा-बारा घरं, थोडी रिकामी घरं. तिथल्या माश्या झाडल्या, राणीला ठेवलं, जाळी दाबून दात पोळ्यात सुमारे सहा मिलिमीटर घुसवले. पिंजऱ्यात बाहेर पडणाऱ्या कोवळ्या माश्यांना कुठल्याच राणीची सवय नसते, त्या पहिल्या क्षणापासून हिच्या सेवेला लागतात. पोळं जुनं, काळसर हवं. नव्या पांढऱ्या पोळ्यात जाळी टिकत नाही, माश्या कडेने पोखरतात.

पहिल्यांदा बसवताना शेजारची फ्रेम पिंजऱ्यावर टेकली. पोळ्यांमधली फट सात-आठ मिलिमीटरची, पिंजरा तेवढा वर येतोच. शेजारची फ्रेम बाजूला सरकवून बोटभर जागा केली. दाराला राणी फाटक लावलं, म्हणजे कामकरी जाऊ शकतील पण राणी जाऊ शकणार नाही अशी पट्टी. राणी मिलन झालेली आहे म्हणूनच हे चालतं. कुमारी राणी असेल तर फाटक लावू नये, ती उड्डाणाला बाहेर जाऊच शकणार नाही.

२९ ऑक्टोबर

पिंजऱ्यावर माश्या दाटून बसलेल्या, जाळीच्या तारा चावत होत्या. पिसाने सारल्या तरी हलेनात, पाय घट्ट रोवलेले. पहिल्या राणीच्या वेळी पेटी मधे एकदा उघडून पाहिली असती तर हेच दिसलं असतं.

आधी वाटलं, थोडं थांबावं. पण सगळं बरोबर असताना दोन दिवसांनीही राग का, याचं उत्तर मिळत नव्हतं. १९ तारखेची फ्रेम पुन्हा काढली, माश्या पूर्ण झाडल्या, तिरपी करून खालच्या पट्टीजवळ पाहिलं. पट्टी आणि पोळ्याच्या कोपऱ्यात एक सहावं राणीघर दडलेलं. टोकावरचं मेण कुरतडून झालेलं, खालचा तपकिरी, कागदासारखा कोश उघडा पडलेला. म्हणजे एक-दोन दिवसांत बाहेर पडणार होती. २७ला माश्या न झाडता नुसतं वरवर पाहिलं, म्हणून सुटलं. माश्या चादरीसारख्या राणीघरावर बसतात, पोळं उघडं केल्याशिवाय मोजणी पूर्ण होत नाही.

मोडलं. राणी फाटक आणि पिंजरा तसेच.

३१ ऑक्टोबर

पिंजऱ्यावर माश्या आहेत, पण विरळ. पिसाने सारल्या की बाजूला होतात, पुन्हा येतात. तीन-चार माश्या जाळीतून सोंड घालून राणीला भरवत होत्या. पिंजऱ्याच्या आत रिकाम्या घरांत अंडी, एकेक, तळाला मधोमध.

सोडता आली असती. लपलेल्या राणीघरामुळे आणखी एक दिवस दिला.

१ नोव्हेंबर: राणी सोडली

संध्याकाळी साडेपाच, माश्या परतत असताना. धूर नाही. पिंजऱ्याची एक बाजू हळू उचलली आणि हात तिथेच ठेवला, गोळा होऊ लागला तर लगेच झाकण्यासाठी. राणी चालत बाहेर आली, धावली नाही. आठ-दहा माश्यांनी तोंडं तिच्याकडे करून कडं केलं, मिशांनी चाचपलं, एकीने भरवलं. पाच मिनिटं पाहून पिंजरा काढला.

पिंजऱ्यासाठी ठेवलेल्या जागेत माश्यांनी पाच दिवसांत पांढरं पोळं उतरवलं होतं, तळहाताच्या निम्मं. कापून काढलं, फ्रेम पुन्हा नेहमीच्या अंतरावर आणल्या. ती जागा तशीच सोडली असती तर दोन फ्रेम एकमेकींना जोडून गेल्या असत्या.

आता पाच दिवस पेटी उघडायची नाही. मोह होतो, पण या दिवसांत उघडलेल्या पेटीत घाबरलेल्या माश्या राणीवरच तुटून पडतात. पाक वरून, आतील झाकणाच्या भोकातून.

७ नोव्हेंबर

दोन पोळ्यांवर अंडी, मिळून तळहाताएवढी जागा, एका घरात एक. कोवळ्या अळ्या पांढऱ्या रसात बुडालेल्या. राणी स्वतः दिसली नाही, शोधलीही नाही. तीन दिवसांच्या आतली अंडी दिसली तेवढं पुरे. राणी फाटक काढलं. त्यात नर अडकून मरत होते आणि पराग घेऊन येणाऱ्यांची ओढाताण होत होती.

दारात पाच मिनिटांत पराग घेऊन आलेल्या माश्या: एकवीस.

१२ नोव्हेंबर

पहिल्या टोप्या. सपाट. फुगीर टोप्या फक्त जुन्या पोळ्याच्या कडेला आठ-दहा. १ नंबरकडून आलेल्या पिलाव्याच्या माश्या बाहेर पडल्यामुळे चार फ्रेम झाकल्या गेल्या आहेत.

स्टँडच्या एका पायाची वाटी कोरडी पडली होती, तळपाटाखाली मुंग्या. पाण्यात थोडं वापरलेलं इंजिन ऑइल टाकून वाट्या भरल्या. नुसतं पाणी या हवेत तीन दिवसांत आटतं.

२३ नोव्हेंबर

नव्या राणीच्या पहिल्या माश्या बाहेर आल्या. राखाडी, लव असलेल्या, पोळ्यावर हळू चालणाऱ्या.

खर्च: दोन राण्या १०००, साखर तीन किलो १३५, जाळी १२०, दोन फेऱ्यांचं पेट्रोल २००, एकूण १४५५ रुपये. यातले राणीचे ५०० पहिल्या प्रयत्नात गेले. शिवाय १ नंबरच्या दोन फ्रेम. ती आज सातवरून सहावर आहे, तिलाही आता पाक चालू केला आहे. वेळ पंचेचाळीस दिवस. ९ ऑक्टोबरलाच अंडी नीट पाहून त्याच दिवशी पिलाव्याची फ्रेम दिली असती तर राणी २२ तारखेच्या आसपास सुटली असती.

राणी वाया घालवायची तयारी नसेल आणि माश्या दोन फ्रेमच्या खाली असतील, तर ही खटपट करू नये. चांगल्या पेटीला वर्तमानपत्राचा कागद मधे घालून जोडून टाकावी आणि वसंतात विभागणी करावी.

पुढची तपासणी २ डिसेंबर, ऊन चढल्यावर. माश्यांनी झाकलेल्या चारही फ्रेमवर पिलावा असेल तर डमी फळी एक घर सरकवून मेणपत्र्याची (पोळं बांधायला आधार म्हणून मेणाचा पत्रा लावलेली) फ्रेम द्यायची.